रॉडमधला स्क्रू मोडला, हाड जुळेना: स्टील काढून टायटॅनियम घालावे का?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका गृहस्थांचा ३६ वर्षांचा भाऊ ऐन जुलैत दुचाकीवरून घसरून शेताच्या कडेला पडला. नडगीचे हाड खालच्या तिसऱ्या भागात मोडले आणि हाडाचे टोक कातडी फाडून बाहेर आले. त्याच दिवशी जखम धुऊन हाडाच्या आतल्या पोकळीत स्टीलचा रॉड घातला आणि तो वर-खाली स्क्रूंनी बांधला. आता पाच महिने झाले. पाय टेकला की मोडल्या जागी दुखते, एक्स-रेत फट दिसते आणि खालच्या दोन स्क्रूंपैकी एक तुटलेला आहे. ओळखीचे लोक म्हणतात, टायटॅनियम घातले असते तर हे झाले नसते. तर स्टील काढून टायटॅनियम घालावे का, रॉडही मोडेल का, आणि तो काढायचा कधी?

धातू बदलण्यासाठी म्हणून ऑपरेशन करू नका. ऑपरेशन कदाचित लागेल, पण त्याचे कारण धातू नसेल.

आधी धातूंचे बोलू, कारण पैसे आणि गैरसमज दोन्ही तिथेच साठलेले असतात. हाडात घालायचे स्टील ३१६ एल जातीचे असते. लोखंडात १७ ते १९ टक्के क्रोमियम, १३ ते १५ टक्के निकेल, २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. त्यातला ‘एल’ कमी कार्बनचा: ०.०३ टक्क्यांच्या आत. कार्बन वाढला तर तो क्रोमियमला बांधून घेतो आणि गंज अडवणारा क्रोमियमचा पापुद्रा जागोजागी दुबळा पडतो. ज्याला आपण टायटॅनियम म्हणतो तो बहुतेक वेळा मिश्रधातू असतो, ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम. स्टीलचा ताठपणा सुमारे १९० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११०, आणि हाडाच्या कठीण कवचाचा १५ ते २०. म्हणजे टायटॅनियम स्टीलपेक्षा बरेच लवचिक आहे, पण हाडापेक्षा अजूनही साडेपाच ते सात पट ताठ. ‘टायटॅनियम हाडासारखेच वागते’ हे वाक्य ऐकलेत तर ते विक्रीचे समजा.

आता खरे गणित. रॉडचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ९ मिमीऐवजी १० मिमीचा रॉड घेतला तर ताठपणा दीडपट होतो, ११ मिमीचा घेतला तर सव्वादोन पट. स्टील आणि टायटॅनियममधला फरक पावणेदोन पटीच्या आसपास आहे. म्हणजे तशाच घडणीचा ११ मिमीचा टायटॅनियम रॉड ९ मिमीच्या स्टील रॉडपेक्षा ताठ भरतो, आणि ११ मिमीचा स्टील रॉड ९ मिमीच्या टायटॅनियमला कितीतरी मागे टाकतो. धातू कोणता यापेक्षा पोकळीत रॉड किती घट्ट बसला आहे ते आधी पाहायचे ते यासाठी. तुमच्या प्रश्नात धातूचे नाव आहे, जाडी नाही. ती डिस्चार्ज कार्डावर किंवा ऑपरेशनच्या नोंदीत सापडेल. ८ किंवा ९ मिमी लिहिलेले असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. उघड्या जखमेच्या हाडात पोकळी फारशी न कोरता बारीक रॉड सरकवण्याचा मार्ग बरेच सर्जन घेतात, आणि तो चुकीचा नाही. पोकळी कोरताना आतला रक्तपुरवठा आणखी तुटतो, आणि बाहेरचा तर अपघातानेच फाटलेला असतो.

टायटॅनियमचे दोन फायदे मात्र खरे आहेत. एमआरआय आणि सीटी स्कॅनमध्ये त्याच्याभोवती चित्र कमी बिघडते. (३१६ एल स्टीलही चुंबकाला ओढले जात नाही. ‘स्टील आहे, एमआरआय कधीच होणार नाही’ हे सरसकट खरे नाही. फक्त रॉडजवळचा भाग धूसर येतो.) दुसरे, निकेलची ॲलर्जी असलेल्यांना ते सोसते. कृत्रिम दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने कातडीला खाज सुटते का, हे ऑपरेशनआधीच सांगावे. तोटेही आहेत. टायटॅनियमला ओरखडा पडला तर तडा तिथूनच सुरू होतो, आणि टायटॅनियमचे लॉकिंग स्क्रू प्लेटमध्ये असे आवळून बसतात की वर्षांनी काढताना डोके घासून गुळगुळीत होते, स्क्रू जागचा हलत नाही. हाड सांधायला लागणाऱ्या वेळात दोन धातूंमध्ये सांगण्यासारखा फरक पडत नाही. एकाच जोडणीत दोन्ही धातू मिसळू नयेत, एवढे पथ्य पुरे. शरीरातल्या खारट द्रवात दोन वेगळे धातू एकमेकांवर घासत राहिले तर गंज लवकर लागतो.

मग स्क्रू का तुटला? धातू थकला म्हणून. दिवसाला पाच हजार पावले म्हणजे त्या एका पायावर अडीच हजार, महिन्याला पंचाहत्तर हजार. प्रत्येक पावलाला स्क्रू केसभर वाकतो आणि परत येतो. हाड जसे धरत जाते तसा भार हाडाकडे सरकतो आणि स्क्रूचे वाकणे थांबते. हाड धरले नाही तर वाकणे चालूच राहते. स्क्रू साधारण ५ मिमी जाडीचा दिसतो, पण आटे वगळले तर आतला गाभा त्याहून बारीक असतो, आणि रॉडच्या भोकाच्या काठाशी सगळा ताण एका जागी येतो. तो तिथेच तुटतो. हाड सांधणे आणि धातू थकणे यांची ही शर्यत प्रत्येक इम्प्लांटमध्ये चालू असते. स्टील घ्या, टायटॅनियम घ्या, शर्यत तीच.

तुमच्या भावाच्या बाबतीत जागाही अवघड आहे. नडगीची पोकळी मध्यभागी अरुंद असते आणि घोट्याकडे रुंद होत जाते. मध्यभागी भिंतींना चिकटून बसलेला रॉड खाली मोकळाच असतो. तिथे त्याला धरतात ते फक्त खालचे स्क्रू. दोनच स्क्रू, तेही एकाच दिशेने घातलेले असतील तर खालचा तुकडा रॉडभोवती डुलतो. म्हणून अशा फ्रॅक्चरमध्ये एक स्क्रू आडवा आणि एक पुढून मागे असा घालतात, किंवा रॉडच्या बाजूला एक अडवणारा स्क्रू बसवून रुंद पोकळी मुद्दाम अरुंद करतात. एक्स-रे काढणाऱ्याला सांगून गुडघा ते घोटा पूर्ण पाय दिसेल अशी समोरची आणि बाजूची, दोन्ही छायाचित्रे घ्या. अर्धा पाय दिसणाऱ्या एक्स-रेवर मत द्यायला कोणी तयार झाले, तर त्याला आधी पूर्ण चित्र मागायला सांगा.

स्क्रू तुटणे नेहमी वाईटच असते असे मात्र नाही, हे कोणी सांगत नाही. वर-खाली दोन्हीकडे पक्का बांधलेला रॉड कधीकधी हाडाची दोन टोके एकमेकांपासून दूर धरून ठेवतो. स्क्रू तुटला की टोके मिलिमीटर-दोन मिलिमीटर जवळ येतात, दाब पडतो आणि अडकलेले हाड धरू लागते. सर्जन हेच मुद्दाम करतात तेव्हा त्याला डायनामायझेशन म्हणतात: लांबट भोकातला स्क्रू ठेवून बाकीचे काढतात. म्हणून स्क्रू तुटल्यानंतरच्या सहा-आठ आठवड्यांत चित्र सुधारले की बिघडले ते पाहणे महत्त्वाचे. दोन तारखांचे एक्स-रे शेजारी शेजारी ठेवा. समोरून दोन आणि बाजूने दोन अशा हाडाच्या चार कडा दिसतात. चारांपैकी तीन कडांवर कॅलसचा, म्हणजे नव्या हाडाचा, पूल आला असेल आणि टेकल्यावर दुखणे कमी होत असेल, तर हाड वाटेवर आहे. नडगीच्या बाजूचे बारीक हाड, म्हणजे फिब्युला, आधीच जुळून गेले आहे का तेही पाहा. ते लवकर जुळते आणि आडकाठीसारखे उभे राहून मोठ्या हाडाची फट मिटू देत नाही. तसे असेल तर पुढच्या ऑपरेशनमध्ये त्याचा एक-दोन सेंटीमीटरचा तुकडा काढावा लागतो.

पाच महिने हा काळ उघड्या फ्रॅक्चरसाठी फार नाही. नडगीच्या रॉडवर १,२२६ रुग्णांचा एक मोठा तुलनात्मक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिले सहा महिने पुन्हा ऑपरेशन करायचे नाही असा नियम घालून घेतला होता, आणि त्यामुळे दुसऱ्या ऑपरेशनचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच कमी राहिले. बरीच हाडे उशिरा का होईना, आपली आपण जुळली. नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेत काहीही बदल नाही, तर त्याला न जुळलेले हाड म्हणायचे, अशी रूढ व्याख्या आहे. पण ही व्याख्या कॅलेंडर पाहत बसण्यासाठी नाही. हाडाचा तुकडाच गळून गेला असेल, पाय वाकडा होत चालला असेल किंवा पू असेल, तर नऊ महिने थांबण्यात अर्थ नाही.

या पूबद्दल नीट बोलले पाहिजे, कारण तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. पावसाळ्यात शेताच्या कडेला उघडे पडलेले हाड पाच महिन्यांनी जुळत नसेल, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत मी तिथे जंतुसंसर्ग आहे असेच धरून चालतो. ताप नसणे, जखम वरून भरलेली असणे याने काही ठरत नाही. जंतू धातूच्या पृष्ठभागावर चिकट थर करून बसतात. त्या थरात औषध पुरेसे शिरत नाही आणि शरीराच्या पेशी पोचत नाहीत. असा संसर्ग महिनोन्‌महिने गप्प राहतो आणि फक्त एवढेच करतो: हाड जुळू देत नाही आणि स्क्रूभोवती काळी रेघ पाडतो. एक्स-रेत स्क्रूभोवती किंवा रॉडच्या टोकाशी अशी रेघ आहे का, ते मुद्दाम विचारा. जखमेतून अधूनमधून पाणी येऊन खपली धरत असेल तर तपासणीआधीच संसर्ग सिद्ध झाला असे समजा.

रक्तात सीआरपी आणि ईएसआर या दाह दाखवणाऱ्या तपासण्या पाहा. दोन्ही वाढलेले असले तर संशय बळावतो. नॉर्मल आले तरी संसर्ग सुटला असे नाही. खरा निकाल हाडातून घेतलेल्या नमुन्यांतूनच लागतो. निदान पाच नमुने, वेगवेगळ्या जागचे, दर वेळी स्वच्छ हत्यार घेऊन, आणि प्रयोगशाळेला दोन आठवडे वाढवायला सांगून. काही जंतू फार सावकाश उगवतात. एकाच नमुन्यात जंतू सापडला तर तो कातडीवरचा भेसळीचा असू शकतो. दोनांत तोच सापडला तर तोच गुन्हेगार. कातडीवरच्या छिद्रातून बोळ्याने घेतलेल्या नमुन्यावर विश्वास ठेवू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचे, नमुने घेण्याआधी दोन आठवडे प्रतिजैविके बंद हवीत. ‘पाणी येतंय’ म्हटल्यावर पाच दिवसांचा कोर्स घ्यायचा, थांबले की बंद करायचा, पुन्हा आले की दुसरा: असे तीन-चार वेळा झाले की जंतू तसाच राहतो आणि नमुना मात्र कोरा येतो.

अपघाताच्या दिवशी जखमेत कुठले पाणी आणि कुठली माती गेली होती, हे डॉक्टरांना सांगा. गोव्यात हा प्रश्न फार कामाचा आहे. डांबरी रस्त्यावरच्या जखमेत बहुधा कातडीवरचे जंतू असतात. गोठ्याच्या किंवा शेताच्या मातीत क्लॉस्ट्रिडियम असतो, तो गॅस गँग्रीन आणि धनुर्वात करणारा. तिथे सेफाझोलिन या नेहमीच्या प्रतिजैविकाबरोबर पेनिसिलिन जोडावे लागते. ओहोळाच्या, तळीच्या गोड्या पाण्यात एरोमोनास. खाजन जमिनीच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या) मचूळ पाण्यात, खाडीत आणि समुद्रात व्हिब्रिओ. व्हिब्रिओवर डॉक्सिसायक्लिनसारखे वेगळे औषध लागते, आणि यकृताचा आजार असलेल्या माणसात तो तासांच्या हिशेबात जीवघेणा होतो. ‘चिखलात पडला’ एवढ्यावर काम भागत नाही. चिखल भाताच्या शेतातला की मानशीजवळचा (खाजनाचे पाणी अडवणाऱ्या दाराजवळचा), ते सांगा.

ज्यांच्या घरी असा अपघात आजच झाला आहे त्यांच्यासाठी एवढेच: उघड्या फ्रॅक्चरमध्ये पहिली शिरेतली प्रतिजैविक मात्रा रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात मिळाली पाहिजे (मोठ्या माणसाला सेफाझोलिन २ ग्रॅम). जखमेवर हळद, कॉफी पावडर, पाला काही घालू नये. स्वच्छ ओले कापड आणि काठीचा आधार पुरे. धुण्यासाठी साधे सलाइन उत्तम, साबणाचे पाणी त्याहून चांगले ठरलेले नाही. लहान जखमेला ३ लिटर, मोठ्या चिखलट जखमेला ९ लिटरपर्यंत. ऑपरेशननंतर पहिल्या दोन दिवसांत वेदना औषधालाही न जुमानता वाढत गेली आणि पायाची बोटे दुसऱ्याने हलवली की पोटरीत असह्य कळ आली, तर बँडेज सैल करायला लावा आणि सर्जनला रात्रीचे उठवा. पोटरीच्या कप्प्यात दाब चढल्याची ती खूण आहे. पायाची नाडी लागते म्हणून कोणी धीर दिला तर ऐकू नका, नाडी शेवटपर्यंत लागत राहते. डायस्टॉलिक रक्तदाब आणि कप्प्यातला दाब यांतला फरक पाऱ्याच्या ३० मिमीच्या खाली आला की पोटरीचे चारही कप्पे उघडावे लागतात, आणि त्यासाठी हातात तास मोजकेच असतात.

आता तुमच्या भावाकडे परत. संसर्ग नाही असे दिसले, फटही मोठी नाही, आणि सहा-सात महिन्यांनंतरही प्रगती नाही, तर सगळ्यात भरवशाचे ऑपरेशन म्हणजे रॉड बदलून जाड रॉड घालणे. ते कसे होते ते माहीत असले की सर्जनला काय विचारायचे ते कळते.

आधी जुना रॉड कोणत्या कंपनीचा, ते हवे. प्रत्येकाचा काढायचा हुक वेगळ्या आट्यांचा असतो, आणि स्क्रूच्या डोक्याला कोणाला ३.५ मिमीचा षटकोनी ड्रायव्हर लागतो, कोणाला टी २५ चा ताऱ्याच्या आकाराचा. ऑपरेशनच्या टेबलावर हे शोधत बसणे परवडत नाही. गुडघ्याखालच्या जुन्याच छेदातून रॉडचे टोक शोधायचे. त्यावर बहुधा हाड चढलेले असते, ते खरवडून काढायचे. हुक आधी रॉडला पक्का करायचा आणि मगच शेवटचा स्क्रू काढायचा, नाहीतर रॉड आत गोल फिरतो आणि हुक बसतच नाही. तुटलेल्या स्क्रूचा डोक्याकडचा भाग सहज निघतो. पलीकडचा तुकडा रॉडच्या भोकात अडकला असेल तर तो ढकलून बाहेर काढल्याशिवाय रॉड ओढायचा नाही. जबरदस्ती केली तर हाड फुटते. पलीकडच्या कडेतच रुतून राहिलेला आणि नव्या रॉडच्या वाटेत न येणारा तुकडा तसाच सोडला तरी चालतो. त्याचा एक्स-रे पाहून घाबरून जाऊ नका.

रॉड निघाला की पोकळी कोरायची, दर वेळी अर्धा मिमी वाढवत. पहिला कीस नमुन्यासाठी प्रयोगशाळेत जातो. कोरणीला कठीण हाड लागून खरखर ऐकू येईपर्यंत जायचे आणि नवा रॉड जुन्यापेक्षा १ ते २ मिमी जाड घ्यायचा, कोरलेल्या मापापेक्षा १ ते दीड मिमी बारीक. हा कीस आतल्या आत कलमासारखा काम करतो आणि कोरल्याने बाहेरच्या आवरणाचा रक्तपुरवठा वाढतो. जाड रॉडचा ताठपणा ही तिसरी जमेची बाजू. बोथट कोरणी आणि मांडीला आवळलेला पट्टा ही जोडी मात्र घातक आहे. हाड ४७ अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापले की त्यातल्या पेशी मरतात, आणि रक्त वाहत नसेल तर उष्णता वाहून न्यायला काही उरत नाही. पट्टा सैल, कोरणी धारदार, हात सावकाश. खालचे स्क्रू आधी घालतात, मग रॉड उलट ठोकून फट मिटवतात आणि शेवटी वरचा स्क्रू लांबट भोकात बसवतात. तुमच्या भावाच्या फ्रॅक्चरची जागा पाहता खाली तीन स्क्रू, वेगवेगळ्या दिशांनी, असा आग्रह मी धरीन. रॉड स्टीलचा की टायटॅनियमचा, हा प्रश्न इथे येतो: रुग्णालयात ज्या मापांची पूर्ण श्रेणी हाताशी आहे तो. अर्धा मिमी लहान टायटॅनियमपेक्षा बरोबर बसणारे स्टील घ्या.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून वॉकरवर, सोसेल तेवढा भार द्यायचा. ‘तीन महिने पाय टेकू नका’ हा सल्ला इथे उलट काम करतो. दाबाशिवाय हाड धरत नाही.

पोकळीत पू सापडला तर बेत बदलतो. रॉड काढायचा, पोकळी कोरून धुवायची, मेलेले हाड काढायचे आणि त्या जागी काही आठवडे सिमेंटचा औषधी रॉड ठेवायचा. ४० ग्रॅमच्या हाडाच्या सिमेंटच्या पुडीत २ ते ४ ग्रॅम व्हॅन्कोमायसिनची भुकटी, जोडीला जेंटामायसिन, असे मिश्रण छातीत घालायच्या ड्रेनेज नळीत भरतात, मध्ये धातूची तार घालतात आणि सिमेंट घट्ट झाले की नळी चिरून काढतात. औषध भुकटीच हवे. इंजेक्शनचे द्रावण ओतले तर सिमेंट नीट धरत नाही. हा रॉड भार घेत नाही, म्हणून बाहेरून आधार लागतो. आधी शिरेतून आणि मग तोंडावाटे, जंतूच्या अहवालाप्रमाणे औषध. स्टॅफिलोकोकस जंतूच्या थरावर रिफॅम्पिसिन चांगले काम करते, पण ते एकटे कधीच देऊ नये, आणि टीबीचे हे मुख्य औषध असल्याने आपल्या देशात तर अंदाजाने मुळीच नाही.

फट दोन सेंटीमीटरच्या पुढची असेल तर नुसत्या जाड रॉडने काम होत नाही. लहान फटीला कमरेच्या हाडाचे कलम पुरते. मोठीला दोनपैकी एक वाट: आधी सिमेंटचा ठोकळा ठेवून सहा-आठ आठवड्यांत त्याभोवती पडदा तयार होऊ द्यायचा आणि मग त्या पडद्यात कलम भरायचे, किंवा इलिझारोव्हची कडी (पायाभोवती बाहेरून बसवून तारांनी हाड धरणारी) लावून हाड वरून कापून रोज १ मिमी, पाव पाव मिमीचे चार फेरे, असे खाली सरकवायचे. कडीत दर सेंटीमीटरमागे दीड-दोन महिने जातात. चार सेंटीमीटर म्हणजे सहा-आठ महिने पायात कडी, हे घरच्यांनी आधीच समजून घेतलेले बरे. मध्येच कंटाळून काढलेली कडी सगळ्यांत वाईट. अशा कामासाठी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवा, किंवा जिथे हाडतज्ज्ञाबरोबर प्लास्टिक सर्जन आणि जंतूंची प्रयोगशाळा एकाच छताखाली आहे तिथे.

दरम्यान घरी करण्यासारखे बरेच आहे. साखर तपासा, नुसती उपाशीपोटीची नाही, एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यातच निघाले होते, २६.४ टक्के. छत्तिशीत ‘मला साखर नाही’ हे तपासल्याशिवाय बोलू नये. विडी, सिगरेट, तंबाखू बंद. ‘कमी केली’ म्हणजे बंद नव्हे. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खात असेल तर थांबवा, त्या कॅलस मंदावू शकतात, पॅरासिटामॉल चालते. व्हिटॅमिन डी कमी असेल तर भरून काढा. आणि बांगडा, तारली, सुंगटे बंद करायला कोणी सांगितले असेल तर पुन्हा सुरू करा. मासे खाल्ल्याने पू होत नाही. बांगड्यात आणि तारल्यांत प्रथिने आहेत, डी जीवनसत्त्वही आहे, आणि हाडाला दोन्ही लागतात. तेल लावून चोळणाऱ्याकडे मात्र नेऊ नका. पोटरीत शिरेत रक्ताची गाठ असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाते.

कागद जपा. ऑपरेशनच्या फाइलवर इम्प्लांटचे स्टिकर लावलेले असतात: कंपनी, संदर्भ क्रमांक, बॅच क्रमांक, माप. नसतील तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून ऑपरेशनच्या नोंदीची प्रत घ्या, आणि दोन्हींचे फोटो दोन जणांच्या मोबाइलमध्ये ठेवा. दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारच्या आरोग्य योजनेच्या) दुसरे ऑपरेशन करायचे असेल तर मंजुरीसाठी जुने कागद लागतातच.

राहिले रॉड मोडण्याचे आणि काढण्याचे. हाड जुळलेच नाही तर आज ना उद्या रॉडही थकतो, बहुधा फ्रॅक्चरला सगळ्यात जवळच्या स्क्रूच्या भोकापाशी. पोकळ रॉड मोडला तर खालचा तुकडा हुकवाल्या तारेने काढता येतो, पण तोवर वेळ येऊ देऊ नये. म्हणून एक्स-रे दर सहा आठवड्यांनी घ्या. दुखणे अचानक वाढले किंवा पाय वाकल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी. हाड जुळल्यावर मोठ्या माणसात रॉड काढलाच पाहिजे असे नाही. गुडघ्यापुढे टेकताना दुखत असेल, स्क्रूचे डोके कातडीखाली टोचत असेल, तर काढा; पण चारही कडा भरलेल्या दिसल्यानंतर आणि घातल्यापासून दीड वर्ष तरी झाल्यावर. गुडघ्याचे दुखणे काढल्यानंतरही काहींचे राहते, हे आधीच सांगितले पाहिजे. काढल्या दिवसापासून चालता येते, मात्र स्क्रूची रिकामी भोके भरायला काही महिने लागतात आणि तोवर हाड त्या जागी दुबळे असते. चार महिने फुटबॉल नाही, माडावर चढणे नाही.